तोट्याची मर्यादा आधीच ठरवावी

पाटणकर बाजारातील माझ्या दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात शेअरचे भाव पाहण्याची सवय मला जडली होती. भाव आज ना उद्या सावरेल, या आशेवर एक शेअर मी खरेदीच्या निम्म्या किमतीला येईपर्यंत सांभाळला. रुग्णांना ‘दुखणे अंगावर काढू नका’ असे बजावणारा मी स्वतःचा तोटा मात्र अंगावर काढीत राहिलो.

यावर उपाय म्हणजे ‘स्टॉप लॉस’ आदेश. समजा, ५०० रुपये भावाने १०० शेअर घेतले आणि ४६० रुपयांवर असा विक्री-आदेश देऊन ठेवला. भाव तेथवर उतरताच तो आपोआप कार्यान्वित होतो व तोटा चार हजारांच्या आसपास थांबतो. मात्र साधा आदेश त्या दिवसापुरताच असतो, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा द्यावा लागतो. तसेच तो भावाच्या फार जवळ ठेवल्यास नेहमीच्या चढउतारातही शेअर विकला जातो.

शिवाय ही हमी नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजू यांनी हिशेबातील लबाडीची कबुली दिली आणि आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर दिवसअखेर सुमारे ४० रुपयांवर आला. अशा कोसळत्या बाजारात ठरावीक भावाचा आदेश पडून राहू शकतो, तर बाजारभावाचा आदेश मिळेल त्या भावाला निकालात निघतो. म्हणून एकाच कंपनीत सारी पुंजी घालू नये.

‘सेबी’च्या जुलै २०२४ मधील अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये दिवसाच्या दिवसात शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तोटा झाला. स्टॉप लॉस एका व्यवहारातील तोटा आटोक्यात ठेवतो, परंतु वारंवार सोसलेले लहान तोटेही साचत जातात. तेव्हा रोजच्या सट्ट्यापासून आपण डॉक्टरांनी दूरच राहावे, असे माझे नम्र मत आहे.

ज्यांना गुंतवणूक करावयाची आहे, त्यांनी किती तोटा सोसायचा हे खरेदीच्या वेळीच, मन शांत असताना ठरवावे आणि भाव घसरू लागल्यावर ती मर्यादा खाली सरकवू नये. गमावलेले पैसे कदाचित पुन्हा मिळतील, पण समोर बसलेल्या रुग्णाकडे झालेले दुर्लक्ष भरून काढता येत नाही.