मोठं मशीन नंतर, आधी दगड आणि डायल गेज



गेल्या आठवड्यात उरणहून एक मुलगा दुकानात आला. आयटीआय झालेला, दोन वर्षं गॅरेजमध्ये काम केलेला. त्याला करळ फाट्याच्या आसपास स्वतःचं हेड रिपेअरचं दुकान टाकायचंय. प्रश्न एकच होता, "दादा, सीट कापायचं मोठं मशीन कर्ज काढून घेऊ का? मशीन दिसलं नाही तर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही."

मी म्हटलं, आत्ता नको. आधी दगडाचा सेट घे, डायमंड ड्रेसर घे, डायल गेज घे. आणि मोजायला शीक. तो थोडा नाराज झाला. म्हणून हा विषय आज सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत दहा मिनिटांत हे सगळं मावत नाही.

आधी आपला भाग बघा. न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आज तिथून वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू माल जातो-येतो, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने. त्यातला बराच माल ट्रेलरवरून हलतो. गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा, कुठेही उभे राहा, ट्रेलरची रांग दिसेल. रांगेत इंजिन तासन्‌तास नुसतं चालू राहतं. इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, व्हॉल्व्हवर कार्बन बसतो. मग सीट गळते, कॉम्प्रेशन जातं, पिकअप मरतो. थोडक्यात, काम आहे. प्रश्न आहे तो काम टिकण्याचा.

माझीच चूक सांगतो. मी बीबीए केलेला माणूस. हिशेब कॉलेजात शिकलो, हेडचं काम दुकानात शिकलो. पहिल्याच वर्षी एका ट्रेलरचं सहा सिलिंडरचं काम आलं. व्हॉल्व्हला पेस्ट लावली, हाताने फिरवून घासले, सीटवर छान राखाडी पट्टा आला. मी खूश. मोजलं काहीच नाही. वीस दिवसांत गाडी परत. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. उघडून बघितलं तर गाईड झिजलेलं आणि सीट गाईडच्या मध्यावर नव्हतीच. नवा व्हॉल्व्ह माझ्या पैशाने, मजुरी माझी, ते ठीक. पण त्या माणसाकडे एकच ट्रेलर होता आणि त्याचा हप्ता चालू होता. त्याच्या बुडालेल्या फेऱ्या मी कुठून भरून देणार? तो नंतर कधी दुकानात आला नाही.

आता मुद्दा समजून घ्या. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो आणि बसतो. बसला की त्याची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. सीट एका बाजूला जरी सुटली तरी तिथून पेटलेला गॅस निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. पेस्टने घासून वाकडी सीट सरळ होत नाही. उलट व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते. साधा हाताचा कटर मऊ सीटवर चालतो, पण कडक सीटवर, विशेषतः सीएनजी गाड्यांच्या, तो घसरतो किंवा थरथरतो आणि लाटा सोडतो. दगड कडक सीटही घासतो आणि त्या लाटाही काढतो. फक्त सीटच्या धातूला साजेसा दगड हवा.

पण दगडात जादू नाही. दगड ज्या होल्डरवर बसतो तो पायलटवर फिरतो आणि पायलट गाईडमध्ये बसतो. गाईड ढिलं असेल तर तुम्ही अगदी सफाईने चुकीच्या जागी सीट बनवाल. म्हणून क्रम पाळा:

१. आधी गाईड तपासा. ढिलं असेल तर बदला, मग सीटला हात लावा.
२. दगड ड्रेसरने बरोबर कोनात घासून घ्या. सीटचा कोन बहुतेक ४५ अंश, काही इंजिनांत ३० अंश. मॅन्युअल बघा.
३. दाब देऊ नका. थोडा वेळ फिरवा, उचला, बघा. दगड झिजला की पुन्हा ड्रेस करा.
४. ४५ अंशाची सीट रुंद झाली तर वरून ३० आणि खालून ६० अंशाच्या दगडाने पट्टा अरुंद करा आणि जागेवर आणा.
५. डायल गेज लावा. फरक साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा, म्हणजे जवळपास एका केसाएवढा. कंपनीने याहून कमी सांगितला असेल तर तो पाळा.
६. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवा. पट्टा पूर्ण गोल उमटला पाहिजे, कुठेही तुटक नको.
७. व्हॉल्व्ह हेडमध्ये किती खोल गेला ते मोजा. मर्यादेबाहेर गेला तर आणखी घासू नका, सीट बदला.

चष्मा आणि मास्क लावा. शेवटी हेड नीट धुवा. दगडाची भुकटी गाईडमध्ये राहिली तर तुमचंच काम तुम्हीच खराब केलंत.

काही मित्र म्हणतील, दगड आता जुने झाले, मोठं मशीन तिन्ही कोन एका दमात कापतं. खरं आहे. रोज भरपूर हेड येत असतील तर ते मशीन घ्याच, वेळ वाचतो. पण पहिल्या महिन्यात तुमच्याकडे रोज हेड येणार आहेत का? हप्ता मात्र दर महिन्याला येणार. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मिळतं म्हणून सगळं उचलायचं नसतं. आणि झिजलेल्या गाईडवर ते महाग मशीनसुद्धा चुकीचीच सीट कापेल.

दुसरा आक्षेप, "गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही." कारण आपण त्याला काही दाखवत नाही. मी आता प्रत्येक हेडबरोबर एक कार्ड देतो. त्यावर प्रत्येक सीटचं रीडिंग, आधीचं आणि नंतरचं. निळ्या पट्ट्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर. ट्रेलर मालकाला मिमी कळो न कळो, याने मोजलंय एवढं कळतं.

साधा हिशेब करा. समजा एका हेडवर तुम्हाला १५०० रुपये सुटतात आणि एक काम परत आलं तर सामान आणि वेळ धरून ६००० जातात. म्हणजे परत आलेलं एक काम चार चांगल्या कामांची कमाई खातं. मोजायला लागतो जास्तीचा अर्धा तास. तो अर्धा तास वाचवू नका, त्याचेच पैसे लावा.

त्या मुलाला मी एक काम दिलंय. भंगारातून जुनं हेड आण, त्याच्या सगळ्या सीट दगडाने कर, प्रत्येकीचं रीडिंग लिहून मला दाखव. सगळी रीडिंग मर्यादेत आली की दुकानाच्या जागेचं बोलू. काल त्याचा फोन आला, "दादा, पहिल्या तीन सीट बिघडल्या."

मी म्हटलं, बरं झालं, भंगारात बिघडल्या. गिऱ्हाइकाच्या गाडीत नाही.

तुम्हीही हेच करा. रीडिंग काय आली ते कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.