बाळाच्या वजनाची नोंद, धुराची मात्र नाही

यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत घर आणि कारखाना यांच्यात अनेकदा एका भिंतीचेच अंतर असते. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या आणि कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या बॉयलरमध्ये लाकूड-कोळशाबरोबर चिंध्या आणि प्लास्टिकही जाळले जाते, अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे. मात्र या धुराची चर्चा खोकला आणि दम्यापुढे सहसा सरकत नाही. तो गर्भापर्यंत पोहोचतो, हा मुद्दा दुर्लक्षितच राहिला आहे.

धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात. बेल्जियममधील हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या गर्भाकडील बाजूसही काजळीचे कण आढळले. वारेचे कार्य मंदावले की बाळाची वाढ खुंटते आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. भारतात २०१९ या एका वर्षात जन्मानंतर महिनाभरात दगावलेल्या १ लाख १६ हजारांहून अधिक बालकांचे मृत्यू ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’च्या २०२० च्या अहवालाने हवाप्रदूषणाशी जोडले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंचा संबंध बाहेरच्या हवेशी होता, उरलेल्यांचा चुलीच्या धुराशी.

दुसरा प्रश्न गोदामांचा. राहनाळ, पूर्णा, वळ या गावांच्या पट्ट्यात वस्तीलगत रसायनांचे साठे आढळण्याचे आणि तेथे आगी लागण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. भिवंडीची तुलना भोपाळशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही रासायनिक अपघातात गर्भवतीचा हिशेब वेगळा असतो, हे भोपाळने दाखवले. डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीच्या वेळी कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गर्भवतींची पाहणी दया वर्मा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे ४३ टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल जन्मले नाही. जन्मलेल्या ४८६ बाळांपैकी १४ टक्के महिनाभरात दगावली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण जेमतेम तीन टक्के होते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मले की बोट दाखवले जाते ते आईच्या आहाराकडे आणि रक्तक्षयाकडे. ती कारणे खरीच आहेत. देशात वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या मर्यादेखाली असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले, आणि ती सारी काही कारखान्यांच्या शेजारची नव्हेत. पण दिवसभर कांडी भरणाऱ्या, अपुरे जेवणाऱ्या आणि बॉयलरमागच्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत कुपोषणाचे निदान पुढे आले की धुराची चौकशीच होत नाही. लोहाच्या गोळ्या मिळतात. धुराडे तसेच राहते.

माता व बाल संरक्षण कार्डावर वजन, हिमोग्लोबिन आणि लसीकरण यांची नोंद असते. शेजारच्या धुराड्याला तेथे रकाना नाही. बॉयलरला संमती देते प्रदूषण नियंत्रण मंडळ, तर प्रसूतीची नोंद ठेवते आरोग्य यंत्रणा. या दोन्ही नोंदी प्रभागाच्या एकाच नकाशावर मांडायला फार मोठा निधी लागणार नाही. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकेला आणखी एक प्रश्न विचारण्याचे काम द्यावे लागेल, आणि त्या उत्तराची प्रत मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावी लागेल.