गाठीतली सुई आणि कमरेतली सुई

वस्त्यांमधल्या महिला मंडळांत बसलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मानेच्या गाठीत सुई मारतात म्हणे. ती खरी की फसवणूक?" कुणाच्या जावेने मोठ्या दवाखान्यात ती घेतलेली असते. कुणाला गल्लीतल्या डॉक्टरने "तीच देतो" म्हणून कमरेत टोचलेलं असतं. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातायत. आमचा आक्षेप नेमका त्याला आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते बघू. रस्ता झाडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईच्या मानेच्या मुळाशी, खांद्याच्या वरच्या कडेला बोट दाबा. दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो आणि त्यात एखाद्या जागी वाटाण्याएवढा कडक ठिपका. तिथे दाबलं की बाई "आई गं" म्हणून अंग चोरते. पुष्कळदा असंही सांगते, की दाबलं खांद्यावर पण कळ गेली कानामागे, नाहीतर कानशिलात. आपल्याकडे याला शीर आखडली, शीर चढली म्हणतात. ती शीर नसते, स्नायू असतो. सतत ताणलेल्या स्नायूचा एक भाग आकसून बसतो आणि सुटत नाही. डॉक्टरी भाषेत त्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात.

मूळ एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे, ही याची खोड आहे. खांद्याच्या गाठीने डोकं दुखतं आणि बाई वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या गोळ्या खाते. कुल्ल्याच्या स्नायूतल्या गाठीची कळ पार पायात उतरते, आणि कुणी हातही न लावता "गादी सरकली" सांगून एमआरआयला पाठवतो. हात लावून तपासणारा डॉक्टर मिळणं हेच आपल्या माणसाला अवघड झालंय.

या गाठींवर आयुष्यभर काम केलं ते अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या बाईंनी. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८३ साली आला आणि आजही या विषयाचा पाया मानला जातो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची पाठ फार दुखायची. ट्रॅव्हेलबाई त्यांच्या स्नायूंत बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देत. १९६१ साली त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. पण आम्हाला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी केनेडींची खुर्ची बघितली, बूट बघितले. एक पाय जरा आखूड म्हणून बुटात टाच वाढवून दिली, बसायला झुलती खुर्ची सांगितली. तरीही इंजेक्शनं वाढतच गेली, तेव्हा तिथल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी हरकत घेतली. त्या वर्षाच्या अखेरीला डॉ. हान्स क्राउस यांना बोलावून व्यायाम सुरू केला आणि व्यायामानेच पाठ सुधारली. देशाच्या अध्यक्षाचंसुद्धा नुसत्या सुईवर भागलं नाही.

आता ही सुई देतात कशी? डॉक्टर बोटांनी गाठ शोधतात आणि दोन बोटांत धरतात. कातडी स्पिरिटने पुसून एकदम बारीक सुई थेट गाठीत घालतात. नेमकी लागली की स्नायू चट्कन उडतो, तो तुम्हालाही जाणवतो. मग सुई थोडी मागे घेऊन दोन-चार दिशांनी पुन्हा आत घालतात. औषध असतं ते थोडंसं लिग्नोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टर बधिर करायला वापरतात तेच. एका गाठीला एक मिलिलिटर किंवा त्याहून कमी. त्यानंतर तो स्नायू हळूहळू ताणून दाखवतात आणि घरी करायला सांगतात. एक-दोन दिवस, कधी तीन-चार दिवस टोचल्या जागी दुखतं, ते साहजिक आहे. चालतं-फिरतं राहायचं, पण तेवढे दिवस जड ओझं उचलायचं नाही.

बधिरपणा तर तासा-दोन तासांत उतरतो. मग आराम पुढे का टिकतो? कारण काम सुईने केलेलं असतं, औषधाने नाही. नुसती कोरडी सुई घातली तरी पुष्कळांना तसाच आराम पडतो, फक्त नंतर जरा जास्त ठणकतं. हे अभ्यासांत दिसलेलं आहे. सुईचा खरा गुण किती आणि "काहीतरी उपचार झाला" या समाधानाचा किती, यावर जाणकारांत अजून एकमत नाही, हेही आपल्याला माहीत असावं. म्हणून "आमचं खास औषध", "परदेशी औषध" असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर उठून या. त्यात स्टिरॉइड घालतो म्हणाले तर कशासाठी ते विचारा. साध्या गाठीला त्याचा वेगळा फायदा दिसत नाही, आणि मधुमेह असेल तर साखर चढते.

आता कमरेतल्या सुईकडे येऊ. अंग दुखतं म्हटलं की वस्तीतल्या दवाखान्यात हातही न लावता जे कमरेत टोचतात, ते बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं, आणि पुष्कळ ठिकाणी सोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. याचा गाठीशी काही संबंध नाही. औषध रक्तात मिसळतं, सगळं अंग दोन दिवस हलकं वाटतं, तिसऱ्या दिवशी दुखणं परत हजर. दर आठवड्याला हेच चाललं तर डायक्लोफेनॅक जठर आणि मूत्रपिंड बिघडवतं, बीपी आणि हृदयाच्या माणसाला तर ते आणखी धोक्याचं. डेक्सामेथासोनने साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. सुई चुकीच्या जागी गेली तर पायाची मोठी नस दुखावते आणि पाऊल लुळं पडतं. पाऊल ओढत चालणारी माणसं आम्ही वॉर्डात पाहिलेली आहेत.

आणि सुई तीच वापरली तर? उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ इथे २०१८च्या सुरुवातीला डझनावारी गोरगरीब माणसं एचआयव्हीबाधित निघाली. स्वस्तात औषध देणारा, एकच सिरिंज अनेकांना वापरणारा एक बोगस डॉक्टर, असा आरोग्य खात्याचा संशय होता. पाकीट आपल्यासमोर फोडलं का, सुई त्यानंतर कटरमध्ये गेली का, हे बघायला शिक्षण लागत नाही. "डॉक्टरसाहेब, पाकीट दाखवा" म्हणायला जीभ अडखळते, ते आम्हाला कळतं. तरी म्हणायचं.

सगळ्यात जास्त भीती आम्हाला वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्या वस्त्यांत दाटीवाटी आहे, हवा खेळत नाही, आणि टीबी आहे. टीबी मणक्यालाही होतो. सुरुवातीला नुसती पाठ दुखते, खोकला असेलच असं नाही. स्टिरॉइडच्या सुईने दुखणं दबतं आणि अंगाची प्रतिकारशक्तीही दबते, म्हणजे आत रोग मोकाट. महिने निघून जातात आणि मग एक दिवस पायांतलं बळ जातं. म्हणून पाठदुखीसोबत संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर कुठलीच सुई नको. आधी एक्स-रे आणि टीबीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि औषधंही मोफत मिळतात. पाय बधिर होणं, लघवी-संडासावरचा ताबा सुटणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं यालाही तोच नियम. छातीतून डाव्या हातात, जबड्यात कळ येत असेल आणि घाम फुटत असेल तर ती खांद्याची गाठ समजून चोळत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आमचे काही सहकारी शिबिरांत सांगतात, की आपल्या लोकांना सुईचं वेड आहे. हे बोलणं आम्हाला पटत नाही. पहाटे पाचला हजेरी लावणाऱ्या बाईला सुट्टी म्हणजे दिवसाचा पगार गेला. सुईचे पैसे त्या पगारापुढे थोडे. तिने केलेला हिशेब वेडेपणाचा नाही, तिच्यापुढे दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नाही. दोन दिवस काम करता येईल एवढंच ती विकत घेते. त्या बाईला "सुई घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवणं आम्हाला निर्दयपणाचं वाटतं.

गाठीतली सुई वाईट नाही, असं आमचं मत आहे. योग्य हातांनी दिली तर मान वळायला लागते, हात वर जायला लागतो आणि त्या मोकळ्या झालेल्या दिवसांत व्यायाम सुरू करता येतो. एवढाच तिचा उपयोग. दोन-तीन वेळा देऊनही फरक पडला नाही तर चौथी घेण्यात अर्थ नाही, कारण निदानच दुसरं काही असण्याची शक्यता असते. खाजगी पेन क्लिनिकवाले पॅकेज सांगतात, आगाऊ पैसे घेतात. गाठ सुटणार की नाही हे पहिल्या एक-दोन वेळांत कळतं, मग आगाऊ पैसे कशाचे?

आणि सुईच्याही आधी घरात करण्यासारखं बरंच आहे. जुना रबरी चेंडू मोज्यात घाला, भिंत आणि खांद्याच्या पात्याच्या मध्ये धरा आणि दुखऱ्या ठिपक्यावर अर्धा-एक मिनिट हलका दाब द्या. पाठीच्या कण्यावर ठेवायचा नाही, बाजूच्या मांसल भागावर ठेवायचा. मग गरम पाण्याच्या पिशवीने शेक. त्यानंतर कान खांद्याकडे झुकवून मान दुसऱ्या बाजूने ताणायची, वीस-तीस सेकंद, झटका न देता. दिवसातून दोनदा. दोन-तीन आठवडे नेमाने केलं तर पुष्कळांची सुई टळते. घरात हे करायला लाजणाऱ्या सुना विहारात चार बायकांत हसत-खेळत करतात, हा आमचा अनुभव आहे.

गाठी पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तही तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेलं, बी-१२ किंवा डी जीवनसत्त्व कमी असेल तर स्नायू दुखतच राहतात, तिथे दहा सुया मारल्या तरी उपयोग नाही.

पण आखूड दांड्याच्या झाडूने दिवसाचे कितीतरी तास कमरेत वाकून झाडायचं असेल, तर घरचा व्यायाम किती पुरणार? केनेडींच्या बुटाची टाच मोजली गेली. आपल्या बाईच्या झाडूचा दांडा कोण मोजतो? छातीपर्यंत येणारा लांब दांडा, ओढायला चाकांची गाडी, भरलेला डबा एकट्याने न उचलता दोघांनी उचलणं, या मागण्या पगाराच्या मागणीइतक्याच युनियनच्या कागदावर आल्या पाहिजेत. मुकादम हसतील. हसू द्या. दांडा महाग नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

जायचं कुठे? मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, हेच तिचं काम. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीची ओपीडी असते. अनेक ठिकाणी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या विभागाची पेन क्लिनिक असते, केसपेपर काढताना तिचं नाव घेऊन विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत.

सुई घेण्याआधी स्वतःहून सांगायचं ते असं: रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, दाताच्या वेळी बधिर करायच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला का, ताप आहे का, त्या जागी फोड-पुळी आहे का, दिवस गेलेत का. मानेच्या-पाठीच्या सुईनंतर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं तर वाट बघू नका. क्वचित सुई फुप्फुसाला लागते आणि तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. कुठलं औषध किती दिलं ते केसपेपरवर लिहून घ्या.

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जिथे दहा किंवा जास्त कामगार आहेत, तिथे सहसा कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कंत्राटी कामगारालाही. घरकाम करणाऱ्या बायका मात्र अजून त्याच्या बाहेरच आहेत. ईएसआयसाठी पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. उपचार तर मिळतोच, पण पुरेसे हप्ते भरलेले असतील तर आजारपणाच्या सुट्टीचा भत्ताही मिळतो, म्हणजे सुट्टीचे सगळेच दिवस पगाराविना जात नाहीत. पगारपत्रकावर कपात दिसते पण कार्ड हातात नाही, अशी पुष्कळ माणसं आम्हाला भेटतात. कंत्राटदाराकडून आपला दहा अंकी विमा क्रमांक याच महिन्यात मागून घ्या. देत नसेल तर पगारपत्रक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. एकटीने जायचं नसेल तर मंडळातल्या चौघीजणी मिळून जा.