दहा फूट आणि दहा मीटर

खेळातील स्त्री-पुरुष तुलनेचा वाद बहुधा ताकदीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. पुरुष अधिक वेगाने धावतो, अधिक उंच उडी मारतो. त्याला हाडा-स्नायूंची कारणे आहेत आणि ती कोणी नाकारत नाही. गोल्फमध्ये मात्र या वादाला एक चमत्कारिक फाटा फुटतो. पहिलाच फटका पुरुषाइतका दूर जात नाही, हे समजण्यासारखे आहे. पण हिरवळीवर दहा फुटांवर थांबलेला चेंडू अलगद खळग्यात ढकलायला अशी कितीशी ताकद लागते? मग तिथे तरी व्यावसायिक स्त्री खेळाडू पुरुषांच्या तोडीस तोड आहेत की नाहीत? 'नाहीत,' असे उत्तर छातीठोकपणे देणारे पुष्कळ भेटतात. कशावरून, असे विचारले की मग टीव्हीवर पाहिलेला एखादा चुकलेला पट सांगतात.

पनवेलकरांना हा प्रश्न आता अगदीच परका राहिलेला नाही. खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोने गोल्फचे मैदान केले, आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाल्यावर ते आपल्याच हद्दीत आले. अजूनही हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी रस्त्यावरूनच पाहिलेला आहे, हे खरे. पण ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी, बर्डी कशाशी खातात हे ठाऊक नसलेली माणसेही टीव्हीसमोर बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक शेवटच्या खळग्यापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. ती चौथी आली. रौप्य आणि कांस्यासाठी ज्या दोघींमध्ये फेरखेळ झाला त्यांच्यापेक्षा तिचा एकच फटका जास्त झाला होता. लांब मारण्यात ती जवळजवळ सर्वांच्या मागे होती. तिला तिथवर आणले ते हिरवळीच्या आसपासच्या खेळाने, म्हणजे चिपने आणि पटने.

एका फेरीत किती पट लागले, हा आकडा सहज मिळतो. तो स्त्रियांकडेही आणि पुरुषांकडेही तिसाच्या अलीकडे-पलीकडे असतो. म्हणजे बरोबरी झाली का? तर नाही, आणि पुरुष किंचित पुढे दिसले म्हणून ते सरस, असेही नाही. माझी उमेद बँकेत गेली. दोन शाखांची अखेरची शिल्लक शेजारी शेजारी ठेवून 'ही शाखा चांगली, ती वाईट' असे म्हणणाऱ्या साहेबांना आम्ही मनातल्या मनात हसत असू, कारण आरंभीची शिल्लक किती होती हे त्यांनी पाहिलेलेच नसे. पटच्या आकड्याचे नेमके तेच आहे. पहिला पट कुठून मारला? जिचा पहिला फटका कमी अंतर गेला, तिला हिरवळीकडे येताना अधिक लांबून, लांब दांड्याच्या काठीने यावे लागते. असा चेंडू हिरवळीवर पडला की पुढे घरंगळतो, खळग्यापासून दूर थांबतो, आणि तिच्या वाट्याला पंधराऐवजी तीस फुटांचा पट येतो. उलट जो खेळाडू हिरवळ चुकतो आणि कडेवरून चिप मारून चेंडू खळग्याशी आणून ठेवतो, त्याचे पट कमी भरतात. कागदावर तो पटिंगचा बादशहा, प्रत्यक्षात त्याचा आधीचा फटका वाईट. शिवाय पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतील हिरवळी बहुधा अधिक वेगवान असतात. मैदाने निराळी, खळग्यांच्या जागा निराळ्या, वारा निराळा.

पुरुषांच्या बाजूने हा हिशेब पुष्कळ अंशी सुटलेला आहे. अमेरिकेतील पीजीए टूरवर या शतकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक फटक्याचे अंतर यंत्राने मोजून ठेवले जाते. त्या नोंदींच्या आधारे मार्क ब्रॉडी या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापकांनी दाखवून दिले की जगातले हे अव्वल पुरुषदेखील आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट खळग्यात घालतात. (घरी बसून 'एवढासा पट चुकली!' असे ओरडणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.) अंतर लक्षात घेऊन पटिंगचे मूल्यमापन करण्याची त्यांची पद्धत त्या टूरने २०११ मध्ये स्वीकारली. स्त्रियांच्या एलपीजीए टूरवर तशी व्यवस्था आली २०२१ मध्ये, तीही कॅडींनी भरून दिलेल्या नोंदींवर. मधली दहा वर्षे ज्या खेळाडूंची खातेवहीच नव्हती, त्यांच्या नावावर तूट मात्र मांडली जात होती.

आखूड खेळात ताकदीचा संबंध अजिबात नाही, असेही मी म्हणणार नाही. दाट गवतात रुतलेला चेंडू काढायला मनगटात जोर लागतो; वाळूच्या बंकरमधून चेंडू उंच उडवून जागच्या जागी थांबवायला काठीचा वेग लागतो. तिथे पुरुषाला थोडा फायदा असणारच. परंतु पट हा जोराचा प्रश्न नव्हे. तो नजर, श्वास आणि हात न हलू देण्याचा प्रश्न आहे. ॲनिका सोरेनस्टाम २००३ मध्ये कलोनियल स्पर्धेत पुरुषांबरोबर खेळली, तेव्हा लोकांना वाटले होते की ती लांबीत मार खाईल. तिचे लांबचे फटके सरळ आणि नेमके गेले. दगा दिला तो पटने. दोन फेऱ्यांनंतर चार फटक्यांनी ती बाहेर पडली. त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे विसरू नये की त्या दोन दिवसांत जगभरचे कॅमेरे तिच्या एकटीच्या हातांवर रोखलेले होते.

गोल्फमध्ये सारखी हिरवळ मिळत नाही, म्हणून तुलना अडते. हात न हलू देण्याचीच परीक्षा घेणारा, आणि जिथे अंतर, निशाण, शस्त्र सगळे सारखे आहे असा खेळ शोधायला मला पनवेलबाहेर जावे लागले नाही. सुमा शिरूर यांनी इथल्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या निशाणाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपायला दंडातल्या बेटकुळ्यांचा उपयोग नसतो.

पण त्या ४०० मध्येच एक गोम आहे. पुरुषांना तेव्हा ६० गोळ्या असत, त्यामुळे त्यांचा हिशेब ६०० पैकी चाले. स्त्रियांना गोळ्या ४०. का, याचे पटणारे कारण मला कुठे सापडलेले नाही. चाळीस गोळ्या झाडणारी स्त्री साठ झाडणाऱ्या पुरुषाहून सरस की कमी, हे कोणी ठरवूच नये अशी ही सोय होती. २०१८ पासून दोघांनाही ६० गोळ्या झाल्या. पुढे काय झाले ते पाहा. टोकियोत स्त्रियांच्या प्राथमिक फेरीतील सर्वोच्च गुण ६३२.९, पुरुषांचे ६३२.७. पॅरिसला २०२४ मध्ये दक्षिण कोरियाची सोळा वर्षांची बान ह्योजिन ६३४.५ वर गेली. पुरुषांत पहिला आलेला चीनचा शेंग लिहाव ६३१.७ वर थांबला. आपल्याकडच्या दोघांचे पाहायचे तर रमिता जिंदलचे गुण ६३१.५ आणि अर्जुन बबुताचे ६३०.१. एवढ्यावरून स्त्रिया वरचढ, असा डंका पिटण्याचे कारण नाही. दोन स्पर्धांचे अव्वल आकडे म्हणजे सरासरी नव्हे. एवढे मात्र दिसते की गोळ्या सारख्या दिल्यावर ती बहुचर्चित तूट कुठे दिसेना.

आणि जिथे सरळ समोरासमोर गाठ पडली, तिथे काय झाले? आपल्या अंजली भागवत यांनी २००२ मध्ये म्युनिकला एअर रायफलमध्ये स्त्री-पुरुष एकत्र असलेली 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' स्पर्धा जिंकली. त्याआधी १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण समान झाले. निशाणे तपासून सुवर्ण बॅशमला दिले गेले, तेव्हा त्याने तिला हात धरून आपल्या पायरीवर ओढून घेतले. १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्कीट प्रकारात चीनच्या झांग शानने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवले गेले. विजेतीला आपले पद राखायला दारच नव्हते. स्त्रियांचे स्वतंत्र स्कीट आले ते २००० मध्ये. पॅरालिंपिकमध्ये, जिथे सुमाताईंची शिष्या अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवली, तिथे काही रायफल प्रकारांत स्त्री-पुरुष आजही एकाच रांगेत नेम धरतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

तुलना आकड्यांपुरती राहिली असती तर मी एवढा खल केला नसता. गोल्फ हा पैशाचा खेळ आहे. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये पुरुषांना दोन कोटी पंधरा लाख डॉलरची बक्षिसे वाटली गेली, स्त्रियांच्या यूएस ओपनमध्ये एक कोटी वीस लाखांची. या फरकाचे समर्थन करताना प्रेक्षकसंख्या आणि जाहिराती पुढे केल्या जातात. तो बाजाराचा हिशेब झाला, त्यावर वेगळे भांडता येईल. पण त्याच दमात 'त्यांचे कौशल्यही कमीच' असे जोडून दिले जाते, तेव्हा मागे येऊन विचारले पाहिजे की ते कोणत्या मैदानावर, कोणत्या अंतरावरून आणि कोणी मोजले. मुलीला महागडा खेळ शिकवावा की तिच्या भावाला, हे ठरवणारा बाप ही दोन वाक्ये वेगळी करत बसत नाही.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये गोल्फची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. रिव्हिएराच्या मैदानावर एक स्त्री आणि एक पुरुष अशी प्रत्येक देशाची जोडी उतरेल. निदान तेवढ्या दिवसांपुरती तरी हिरवळ एकच असेल आणि वाराही एकच. मोजणाऱ्यांनी टेप घेऊन यावे.