औषध वाढते, भिंत ओलीच राहते

जुलै-ऑगस्टमध्ये सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात खोकला, धाप आणि छातीतली घरघर घेऊन येणाऱ्यांची रांग वाढते. कारण विचारले की ‘हवा बदलली’ हे उत्तर ठरलेले असते. बरेचदा ते खरेही असते, कारण पावसाळ्यात विषाणूंचे संसर्ग वाढतात. पण एखादे मूल महिन्यातून दोनदा नेब्युलायझर लावायला येते, घाटावर मामाकडे गेले की आठवड्यात मोकळे होते आणि परत आले की पुन्हा धापा टाकू लागते. अशा मुलाच्या बाबतीत दोष बाहेरच्या हवेचा कमी आणि घरातल्या हवेचा जास्त असण्याची शक्यता मोठी. केसपेपरवर इन्हेलरची मात्रा वाढत जाते. त्याच्या अंथरुणाला टेकलेली भिंत मात्र ओलीच राहते.

घरातली ओल हा आपल्याकडे रंगाचा, फार तर सोसायटीच्या सभेतला विषय समजला जातो. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा बळावणे, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि ॲलर्जीची सर्दी यांचा त्रास अधिक होतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे. बुरशीचे बीजाणू हवेत तरंगत श्वासात जातात. गादी-उशीतले धुळीचे किडे तर पाणी पीत नाहीत, ते हवेतला ओलावाच शोषून जगतात. आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्यांना तग धरणे कठीण जाते. म्हणून घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी, ६० च्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात हा आकडा गाठणे वातानुकूलन यंत्राशिवाय जवळपास अशक्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाहेरच ८०-९० टक्के आर्द्रता असेल तर खिडकी उघडून घर कोरडे होणार नाही. तरीही खिडकी उघडायचीच, कारण घराच्या आत तयार होणारी वाफ बाहेरच्या दमटपणात भर घालत असते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात खोलीत येते. मशीनमधून पिळून काढलेले कपडे आतल्या दोरीवर वाळत घातले तर त्यांतले लिटर-दोन लिटर पाणीही त्याच हवेत मिसळते. त्याच खोलीत पाच माणसे झोपत असतील, तर रात्रभराच्या श्वासाची आणि घामाची वाफ वेगळीच.

यावरचे उपाय साधे आहेत. स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी, आणि त्यानंतरही थोडा वेळ, बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. कपडे मुलांच्या झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. दुसरी जागाच नसेल तर खिडकी उघडी ठेवून त्यांच्यावर पंखा सोडावा. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी पावसाळ्यात तो ‘ड्राय’ मोडवर चालवावा. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. गॅलरीत कपडे वाळवल्यावर आकडा किती उतरतो, हे त्यावर दिसले की सवय बदलणे सोपे जाते.

काही उपाय मात्र नुसते समाधान देतात. धूप किंवा उदबत्तीने ओल जात नाही, कुबट वास तेवढा झाकला जातो. दम्याच्या रुग्णाला तर त्या धुराचाच त्रास होतो. ओलावा शोषणारे डबे कपाटापुरते ठीक, खोलीसाठी नाहीत. आणि गळती तशीच ठेवून आतून मारलेला रंग पुढच्या पावसात पोपडे धरतो. बुरशी पुसून काढावी, पण पाणी कुठून येते ते शोधल्याशिवाय ती परत येणारच.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हा विषय किनारपट्टीचा म्हणून सोडून देऊ नये. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हा मोठा आधार आहे. पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तो गारवा कमी आणि ओलावाच जास्त देतो. त्याच्या गवती पॅडमध्ये आणि साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते. भारतातल्या फुप्फुसांच्या अंतराली आजारांची एक नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना श्वासावाटे जाणाऱ्या ॲलर्जीकारक कणांमुळे होणारा न्यूमोनायटिस होता आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आलेला होता. एवढ्यावरून कूलरच दोषी ठरत नाही, पण दरवर्षी पॅड बदलण्याचा, टाकी वरचेवर धुऊन वाळवण्याचा आणि पावसाळ्यात कूलर बंद ठेवण्याचा आग्रह धरायला ते पुरेसे आहे.

इथवरचे सारे घरच्यांच्या हातात आहे. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, तडे गेलेली बाहेरची भिंत किंवा गळणारी गच्ची यांचे काय? राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. प्रत्यक्षात पत्रव्यवहारात पावसाळे निघून जातात. भाडेकरूला तर घरमालक ‘पटत नसेल तर दुसरीकडे बघा’ एवढेच सांगतो.

ब्रिटनमधल्या रोचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. सामाजिक गृहसंस्थेच्या त्याच्या घरात बुरशी होती. वडिलांनी तक्रार केली तेव्हा ‘वरून रंग मारा’ असे उत्तर मिळाले होते. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत निघाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे झाला. ओलीची गंभीर तक्रार आली की सामाजिक घरांच्या मालकाला आता १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करावी लागते.

आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल, सुरुवात केसपेपरवरून करता येते. दम्याच्या प्रत्येक रुग्णाला ‘घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का?’ असे विचारतात, त्याच ओळीत ‘भिंतीला ओल आहे का?’ हाही प्रश्न यावा आणि उत्तर लिहून ठेवावे. रुग्णाने मागितल्यास तशी नोंद असलेली चिठ्ठी डॉक्टरांनी द्यावी. सोसायटीच्या किंवा घरमालकाच्या हातात तक्रार अर्जाबरोबर असा वैद्यकीय कागद पडला, तर ओलीचा प्रश्न रंगरंगोटीचा म्हणून बाजूला सारणे अवघड होईल. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, हे खरे. पण ती होत नाही तोवर त्या भिंतीचे बिल मुलाची फुप्फुसे भरत असतात.