अंगठी कोळ्याला सापडली, टाळ्या मात्र राजाला

जुनी संगीत नाटके नव्या संचात, नव्या नेपथ्यासह बसवण्याचा उत्साह महाराष्ट्रात टिकून आहे. राज्य संगीत नाट्य स्पर्धेतही ती होत असतात. त्यांत 'संगीत शाकुंतल'चा मान मोठा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक सादर केले आणि मराठी संगीत रंगभूमीचे पर्व सुरू झाले. जळगावकरांना तर या परंपरेचा खास अभिमान. बालगंधर्वांनी लहानपणी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत ते प्रथम उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच.

शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून परत आलेली ओळख अशी ही परीकथा आहे. तिच्यावर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे: नव्याने बसवता म्हणजे नवे काय करता?

कालिदासाच्या मूळ नाटकातला सहावा अंक उघडा. अंगठी सापडते ती एका कोळ्याला. शिपाई त्याला बांधून, मारत आणतात. अंगाच्या वासावरून त्याची जात ओळखतात. तू काय मोठा ब्राह्मण होतास म्हणून राजाने तुला दान दिले का, असे विचारून त्याची टर उडवतात. त्याच्या धंद्याला उपहासाने 'पवित्र' म्हणतात. अंगठी खरी ठरल्यावर त्याला बक्षीस मिळते, पण त्यातले अर्धे शिपायांना द्यावे लागते. मग सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. ज्याच्यामुळे राजाची स्मृती जागी झाली, तो माणूस नाटकातून इथेच संपतो. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवायचे म्हणजे कात्री आली. ती सर्वांत आधी कुणावर चालते, हे प्रत्येक दिग्दर्शकाने स्वतःला विचारावे.

कोणी म्हणेल, अभिजात कलाकृतीत जात कशाला आणता? आम्ही आणलेली नाही, ती संहितेतच आहे. राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात, शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत, कोळी मागधी. मराठीत आल्यावर ही उतरंड मोडली असे वाटते. पण नायकाला 'शुद्ध' मराठी आणि गड्याला बोली, तीही हशा पिकवण्यापुरती, ही वाटणी आपल्या रंगभूमीने किती काळ सांभाळली! आमची अहिराणी अशीच विनोदाच्या कोपऱ्यात बसवली गेली. त्याच खान्देशात डफावर रात्र जागवणारे वहीगायन आहे. त्याला मात्र 'लोककला' म्हणून वेगळ्या पंगतीला बसवतात.

त्या कोळ्याचे उत्तरही नीट ऐकले पाहिजे. जन्माने आलेले काम निंद्य असले तरी सोडू नये, असे तो म्हणतो आणि यज्ञात पशू मारणाऱ्या श्रोत्रियाचा दाखला देतो. दाखला बोचरा आहे, पण निष्कर्ष वर्णव्यवस्थेचाच. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त नेमका हाच निष्कर्ष मोडून काढला. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी मांडले. नव्या प्रयोगाने या वाक्याशी भांडायला हवे. ते गुपचूप गाळणे म्हणजे भांडण टाळणे.

जगात हे होत आहे. मोझार्टचा 'द मॅजिक फ्लूट' हा परीकथेचा ऑपेरा १७९१ मध्ये व्हिएन्नात आला. त्यात मोनोस्टॅटोस हे काळ्या माणसाचे पात्र दुष्ट आणि कुरूप म्हणून रंगवले आहे. आज अनेक ऑपेरा कंपन्या त्याचे शब्द आणि रंगभूषा बदलतात. मोझार्टचे संगीत त्यामुळे बुडाले नाही.

आमच्या लोकांनी तर हे आधीच करून दाखवले आहे. आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. त्याआधी, १८५५ साली, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. शाकुंतलला रंगमंच मिळाला, तृतीय रत्नाला सव्वाशे वर्षे कपाट. याला निव्वळ योगायोग कसे म्हणायचे?

धुळ्याच्या नाट्यमंदिराला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. तिथे शाकुंतल नव्याने उभे राहील तेव्हा आमची मागणी साधी आहे. कोळ्याचा प्रवेश कापू नका. त्याला एक पद द्या, अहिराणीत, हशासाठी नव्हे. तापीकाठचे टोकरे कोळी आजही जातीच्या दाखल्यासाठी पडताळणीचे हेलपाटे घालतात. पुरावा दाखव म्हणणारा राजा त्यांना चांगला ओळखू येईल. त्या पुराव्यासाठी मार खाणारा आपला माणूसही त्यांना रंगमंचावर दिसू द्या.

जय भीम.