तिसरीतल्या मुलाला वाचता येते काय?

पनवेलमध्ये २०१६ साली महानगरपालिका आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे वाजतगाजत उद्घाटन झाले. जमिनीचे भाव आभाळाला भिडले. विकासाला आमचा विरोध नाही. परंतु आमचा एक साधा प्रश्न आहे. याच तालुक्यात वीटभट्टीवर, मजूर नाक्यावर, दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्यांवर राबणाऱ्या आईबापांचे तिसरीतले मूल, पूर्वी न पाहिलेला चार ओळींचा मजकूर वाचू शकते काय?

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरापैकी अवघ्या २३ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीतही हा आकडा ४५ च्या पुढे गेला नाही. ही मुले कोणाची? साहेबांची, पुढाऱ्यांची मुले या शाळांत नाहीत. ही मुले आपली आहेत. दलितांची, आदिवासींची, भटक्यांची, गरीब बहुजनांची आहेत.

१२ मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले असताना, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हाच प्रश्न मांडला होता. प्राथमिक शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा शंभरातली १८ मुलेच चौथीपर्यंत पोचत आणि ८२ पुन्हा निरक्षर होत. त्या काळी मूल शाळेतून गळत होते. आज ते शाळेत बसूनच गळते! हजेरी लागते, खिचडी मिळते, वर्ग चढतो, पण अक्षर वळत नाही. धडा पाठ असतो, म्हणून मूल घडाघडा बोलते. दुसरे पुस्तक पुढे ठेवले की ते जोडाक्षरापाशी अडते.

तिसरीनंतर परिसर अभ्यास असो की गणिताचे उदाहरण, सगळे वाचूनच समजून घ्यायचे असते. ज्याला वाचता येत नाही त्याला तिथून पुढे शाळेचा प्रत्येक दिवस अपमानाचा वाटतो. असे मूल दहावीपर्यंत पोचणार कसे? आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिले. पण त्या दारापर्यंत पोचण्याआधीच पोराला वाटेत अडवले जात असेल, तर आरक्षण कागदावरच राहील.

दोष मुलांच्या डोक्याचा नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचे अर्धे वर्ष तिथेच जाते. घरची बोली कातकरी, पुस्तकाची भाषा निराळी. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात आणि त्यांच्याच माथी निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती मारली जाते. मग वाचायला शिकवायचे कधी?

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावरून महाराष्ट्रात रान पेटले. शासनाला २९ जूनला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. ते योग्यच झाले. पण त्या गदारोळात, पहिली भाषा तरी मुलाला वाचता येते काय, हे किती जणांनी विचारले? केंद्राच्या ‘निपुण भारत’ योजनेने तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. शासनाला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पहिली-दुसरीला स्वतंत्र शिक्षक द्या. भट्टीवरच्या मुलांचे शिक्षण तिथेच सुरू ठेवा. शिक्षकांची अशैक्षणिक कामे काढून घ्या. प्रत्येक वाडीला गोष्टींची पुस्तके द्या.

आणि आपण? आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, वाचनालये आहेत, शिकलेली तरुण पोरे आहेत. जयंतीच्या मिरवणुकीवर आपण वर्गणी काढतो; त्यातला थोडा भाग बालपुस्तकांसाठी बाजूला काढणे अवघड नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास विहारात मुलांना जवळ बसवा, गोष्ट वाचून दाखवा, मग त्यांना वाचू द्या. चुकले तर हसू नका. ज्यांना अडते त्यांची यादी करा आणि ती घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. कायद्याने त्या समितीत पालकांचे बहुमत आहे, ते वापरा. आपण शिकवतो म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, हेही तिथे ठणकावून सांगा.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. तो घराघरांच्या भिंतीवर आहे. आपल्या मुलाला तो वाचता येतो काय, एवढे आज घरी गेल्यावर पाहा!